मासा, माशी आणि मी

‘माश्या मारत बसणं’ म्हणजे रिकामटेकडेपणा, असं आपल्याकडे म्हणतात. मी मात्र गेलं वर्षभर माश्या बांधत बसलेय! ऑफिसमधून यायचं, जेवायचं, लॅपटॉप मिटायचा आणि टेबलावर हूक, तांब्याची तार, पिसं, कात्री मांडायची. आईला आधी वाटलं, पोरगी कानातल्यांचा बिझनेस सुरू करतेय.

हा सगळा खटाटोप ट्राउटसाठी. हिमाचलच्या तीर्थन नदीतला ब्राउन ट्राउट! मूळचा हा युरोपातला मासा. इंग्रजांनी 1900 च्या सुमारास काश्मीरमध्ये आणि 1909 च्या सुमारास कुलूत आणला. थंडगार, स्वच्छ, वाहतं पाणी मिळालं आणि गडी इथलाच होऊन गेला.

फ्लाय फिशिंगमध्ये गळाला गांडूळ लावून बसायचं नसतं. हुकावर पिसं आणि तार गुंडाळून किड्याची नक्कल करायची, तीच ‘फ्लाय’. तिला वजन जवळपास नाहीच. मग ती लांब जाते कशी? एरवी शिशाचा गोळा दोरीला ओढत नेतो, इथे जाडसर लाइनचं वजनच फ्लायला घेऊन जातं. रॉड मागे, क्षणभर थांबा, मग पुढे. खरी गोम त्या थांबण्यात आहे. घाई केलीत की लाइन थेट तुमच्या डोक्यावर!

पहिल्या ट्रिपला मी डझनभर रेडिमेड फ्लाय नेल्या होत्या. लाल, सोनेरी, एकदम लग्नाच्या वरातीसारख्या. तीन दिवसांत एकही मासा फिरकला नाही. शेवटी आमच्या गाईडभैयांनी माझा डबा उघडला आणि विचारलं, “मॅडमजी, ये किसके लिए हैं? मछली के लिए या आपके लिए?”

मग त्यांनी पाण्यातला एक दगड उचलून उलटा केला. खाली चिकटलेले बारीक तपकिरी किडे, शेपटीला तीन केस. ही मेफ्लायची पिल्लं, म्हणजे ‘निंफ’. मेफ्लाय पंख फुटल्यावर फार तर दोनेक दिवस जगते, त्याआधीचे कित्येक महिने पाण्याखालीच काढते. त्यामुळे ट्राउटचं बरंचसं जेवणही तिथेच होतं. आणि मी वर वरात नाचवत होते!

घरी येऊन शिकले फ्रँक सॉयर यांची ‘फेझंट टेल निंफ’. इंग्लंडच्या विल्टशरमध्ये एव्हन नदीची राखण करणारा हा माणूस दोरा वापरतच नसे. नुसती बारीक तांब्याची तार आणि फेझंटच्या शेपटीचे तंतू. तारेनं अंग तयार होतं आणि वजनामुळे फ्लाय बुडते. फेझंटऐवजी मी गावठी कोंबड्याची तपकिरी पिसं घेतली, चिकनवाल्याकडून, फुकट! (“ताई, कोंबडी नको, फक्त पिसं?”) जगभरचे फ्लाय बांधणारे आपल्या सह्याद्रीतल्या राखी रानकोंबड्याच्या मानेच्या पिसांवर जीव टाकतात. पण तो कायद्यानं संरक्षित आहे. त्याची पिसं त्याच्याच मानेवर शोभतात.

पहिल्या आठ फ्लाय बघून झुरळालाही लाज वाटली असती. नववी बरी जमली. दुसऱ्या सीझनला तीच टाकली, लाइन किंचित अडखळली आणि... लागला! वीतभराहून थोडा मोठा, अंगावर लाल ठिपके.

आणि मग मी माती खाल्ली. मासा कोरड्या हातांनी उचलला. एक फोटो, मग दुसऱ्या अँगलनं, मग सेल्फी. पाण्यात सोडला तर तो आडवा झाला. भैया काही बोलले नाहीत. त्यांनी ओल्या हातांनी त्याला सरळ धरलं, तोंड प्रवाहाकडे. कल्ले हलायला लागेपर्यंतची ती मिनिटं मला अजून आठवतात. तो गेला, पण जगला का, कुणास ठाऊक. मी वर्षभर त्याच्या नजरेनं किडा बघायला शिकले आणि हातात आल्यावर त्याचा श्वास विसरले.

आता हुकाचा काटा मी पकडीनं दाबून टाकते, म्हणजे तो पटकन सुटतो. हात आधी ओले करते, कारण माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर हेच त्याचं चिलखत. आणि मासा पाण्याबाहेर काढलाच, तर स्वतःचा श्वास रोखते. मला गुदमरायच्या आत तो पाण्यात!

जायचंय? औटवरून बंजार, तिथून गुशैनी. मत्स्य विभागाचं लायसन्स मस्ट. नोव्हेंबर ते फेब्रुवारी मासेमारी बंद, तेव्हा ट्राउट अंडी घालतो. पावसाळ्यात पाणी गढूळ, म्हणून एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर बेस्ट.

माझ्या मोबाइलमध्ये दुसऱ्या माशाचा फोटोच नाही. ती नववी फ्लाय मात्र पाकिटात आहे. जरा चावलेली!