त्रिविध साधनेची घाई नको

हवाई बेटांतील ओआहू येथे १९७८ साली, नौदलातील अधिकारी जॉन कॉलिन्स यांच्या कल्पनेनुसार, ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि ४२.२ किलोमीटर धाव अशी जी ‘आयर्नमॅन’ स्पर्धा प्रथम भरली, तीत उतरलेल्या १५ जणांपैकी १२ जणांनी अखेरची रेषा गाठली. पुढे तिच्याहूनही दीर्घ, तीन दिवसांची आणि रोज बारा तासांची सक्त मुदत असलेली ‘अल्ट्रामॅन’ निघाली. अभिनेते मिलिंद सोमण यांनी ती २०१७ साली फ्लोरिडात पुरी केली.

पुण्या-कोल्हापुरात या त्रिविध साधनेचे उपासक वाढले, याचा मला मनापासून आनंद आहे. परंतु पदकासह छायाचित्र छापताना त्यामागील तजवीज आपण अनुल्लेखित ठेवतो, हे खटकते. पहाटे निघून पाच-सहा तास सायकल हाकावी, उतरताच ओंडक्यासारख्या जड झालेल्या पायांनी लगेच धावावे, आणि घामावाटे क्षार जात असता केवळ पाणीच अतोनात प्यायल्यास रक्तातील सोडियम घसरून प्राणावर बेतते हे जाणून, चालत्या श्रमांत अन्न पचविण्याचीही पोटाला सवय लावावी, हे काम वर्षांचे आहे. हृदय व फुफ्फुसे लवकर तयार होतात, कंडरा आणि अस्थी मात्र फार सावकाश. दुखापती बहुधा या तफावतीतूनच उद्भवतात. म्हणून नुकतेच पोहायला शिकलेल्यास सहा महिन्यांत आयर्नमॅन करण्याची हमी देणाऱ्या प्रशिक्षकापासून नवशिक्यांनी दूर राहावे, आणि नगरपालिकांनी आपले तरणतलाव नोकरदारांसाठी भल्या पहाटे खुले करण्याचा बंदोबस्त करावा, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.