‘आराम कर’ म्हणणाऱ्यांना

आमच्यात कॅन्सरमधून उठलेल्या बाईला काचेच्या बरणीसारखं जपतात. बादली उचलू नको, जिना चढू नको, देवळात गाडीतूनच चल. पार्शात काय नि डिचोलीत काय, सासूबाई साठीच्या पुढच्या असल्या की घरातलं प्रत्येक जण हेच सांगतं. मायेनं सांगतात, कबूल. पण त्या मायेनं बाई खुर्चीला खिळते, त्याचं काय?

वय झालं की स्नायू झडतातच. त्यात केमो. त्यात स्तनाच्या कॅन्सरनंतर वर्षानुवर्षं घ्यायच्या गोळ्यांपैकी काही हाडं ठिसूळ करतात. अशा बाईला बसवून ठेवायचं आणि ती न्हाणीत पडली की कर्माला बोल लावायचा! आपल्या धर्मात कर्म आहे तसा पुरुषार्थही आहे, हे बायांनो, मी तुम्हाला सांगायला नको.

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया आणि केमो झालेल्या ८८९ जणांचा अभ्यास २०२५ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. अर्ध्यांच्या पाठीला लागून तीन वर्षं व्यायाम करवून घेतला, उरलेल्यांच्या हाती आरोग्याची माहिती दिली. आठ वर्षांनी व्यायामवाल्यांतले शंभरात ९० जिवंत, दुसऱ्यांतले ८३. शंभरामागे सात माणसं! एखाद्या औषधानं हे केलं असतं तर आपण दागिने मोडून ते आणलं असतं.

‘घरकाम हाच व्यायाम’ म्हणणाऱ्यांनी तर गप्पच बसावं. भाजी चिरून दम लागत नाही. आठवड्यातून तीनदा अर्धा तास, बोलताना धाप लागेल असं चालणं आणि दोनदा वजनं किंवा रबरी पट्टा, एवढं लागतं. सामायिकाला ४८ मिनिटं काढणाऱ्या बाईला अर्धा तास मिळत नाही, हे मला पटत नाही. हात सुजत असेल, आजार हाडात गेला असेल, तर आधी डॉक्टरांना विचारायचं. पण विचारायचं!

२०२१ साली गोव्यात ‘स्वस्थ महिला, स्वस्थ गोवा’ सुरू झालं, युवराजसिंगच्या संस्थेसोबत. स्तनांची तपासणी गावोगावी आली, उत्तमच झालं. तो स्वतः कॅन्सरनंतर २०१२ मध्ये मैदानात उतरला तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या. सत्तरीच्या आजीनं डंबेल धरलं तर मात्र हसू येतं?

पुढच्या तपासणीला गेलात की डॉक्टरांना म्हणा, गोळ्यांच्या खाली व्यायामही लिहा, किती आणि कुठला. आणि सुनांनो, भगवतीच्या देवळात जाताना गाडी काढू नका. सासूबाईंबरोबर चालत जा.