विद्वान मित्र आणि गरीब पक्षकार

कोर्टात एक वकील दुसऱ्यास ‘विद्वान मित्र’ म्हणतो, न्यायाधीशापुढे मान लववितो. ही सभ्यता चांगलीच. पण बाहेर ओट्यावर अंबड-भोकरदनचा शेतकरी भाकरीचे गाठोडे घेऊन बसलेला असतो. त्याने “माझ्या दाव्याचे काय झाले?” असे विचारताच कित्येकांची हीच जीभ अरेतुरेवर येते. मग ती सभ्यता कोणासाठी?

निजामी राजवटीत, 1948 पूर्वी, जालन्यास कोर्टाची भाषा उर्दू होती. रयतेस कागद कळत नसे. 1998 साली महाराष्ट्र सरकारने खालच्या कोर्टांची भाषा मराठी ठरविली. तरीही बांधाच्या दाव्यात आपण सही कशावर केली हे कुणब्यास कोणी सांगत नसेल, तर भाषा बदलून काय मिळविले?

वकिलीस नियम आहेत. पक्षकाराच्या पैशाचा हिशेब वकिलाने ठेवलाच पाहिजे. दावा जिंकल्यावर त्यातला वाटा फी म्हणून घेता येत नाही. गैरवर्तनाची तक्रार 1961 च्या वकील कायद्याच्या कलम 35 खाली राज्याच्या बार कौन्सिलकडे करता येते. स्त्रियांस व अनुसूचित जातिजमातींस 1987 च्या कायद्याने फुकट वकील मिळतो.

सचोटीचे वकीलही आहेत. हे बोल त्यांस नाहीत. बंधुभगिनींनो, पैशाची पावती मागा, कागद वाचवून घ्या, मगच अंगठा उठवा. सुताराचे माप चुकले तर आपण त्यास जाब विचारतो. मग काळ्या कोटासच का भ्यावे?