शाळा घरी यावी, मुलगी घरी बसू नये

गेल्या पावसाळ्यात चार दिवस वाईजवळ मावसबहिणीकडे राहून आले. तिने आणि तिच्या यजमानांनी तीन वर्षांपूर्वी मुलांना घरीच शिकवायचं ठरवलं. थोरलीला शाळेतून काढलं, आता ती दहा वर्षांची आहे. धाकटा सात वर्षांचा, त्याने तर शाळेची पायरीच चढलेली नाही. तेव्हा आमच्या सगळ्या गोतावळ्यात हलकल्लोळ झाला होता. मावशीने डोळ्याला पदर लावला होता. मीही फोनवर फणकारून म्हटलं होतं, "अगं, उद्या यांना विचारणार कोण?" खरं सांगते, या वेळी जाताना चार उपदेशाच्या गोष्टी मनात घोळवतच गेले होते. पण तिथे गेल्यावर बहुतेक वेळ मी गप्पच बसले.

पहिल्याच दिवशी सकाळी धाकटा डोक्यावर पोतं घेऊन अंगणात पळाला. म्हटलं, काय हरवलं याचं? तर तो पाऊस मोजायला गेला होता. सरळ उभ्या बाजूंची प्लास्टिकची बाटली, वरचा भाग कापून उलटा बसवलेला, बाजूला चिकटवलेली पट्टी. झालं पर्जन्यमापक! "बेचाळीस!" तो ओरडला. थोरलीने वहीत लिहिलं आणि मला म्हणाली, "मावशी, सांग बघू, आपल्या गच्चीवर काल किती पाणी पडलं?" मी बी.ए. मराठी! मला काय सांगता येणार? मग तिनेच सांगितलं. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. गच्ची आठ मीटर लांब, सहा मीटर रुंद, म्हणजे अठ्ठेचाळीस चौरस मीटर. गुणिले बेचाळीस. दोन हजार सोळा लिटर! एका रात्रीत हजार लिटरच्या दोन टाक्या भरून वर थोडं उरावं इतकं. आम्ही माणदेशातल्या बायका उन्हाळ्यात टँकरमागे घागरी घेऊन धावतो. आमच्या पत्र्यावरून किती पाणी वाहून जातं, हा हिशेब मला पंचेचाळिसाव्या वर्षी एका दहा वर्षांच्या पोरीने शिकवला.

त्यांच्या भिंतीवर मृगापासून हस्तापर्यंत नक्षत्रांचा तक्ता होता. आजी सांगते तसं त्या-त्या नक्षत्रात पाऊस पडला का, याचा पडताळा मुलं घेतात. कधी आजी जिंकते, कधी बाटली! रानभाज्यांच्या दिवसांत टाकळा, कुर्डू, भारंगी ओळखायला शेजारच्या काकूंबरोबर माळावर जायचं, आणि मोठ्या माणसाला विचारल्याशिवाय एकही पान तोंडात घालायचं नाही, हा पहिला धडा. गणपतीला शाडूची मूर्ती आणि पत्रींची ओळख. दिवाळीत किल्ला. मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यामागच्या घाटावर पोर्तुगीज घंटा आहे. ती कुठून आली हे शोधता शोधता मुलं चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेपर्यंत, १७३९ सालापर्यंत जाऊन पोचली होती.

मला सगळ्यात आवडली ती सावलीची वही. अंगणात एक काठी रोवलेली. भरदुपारी तिची सावली सगळ्यात आखूड असते तेव्हा ती मोजायची. ही दुपारची सावली २१-२२ डिसेंबरच्या सुमाराला सर्वांत लांब होते, मग कमी होऊ लागते. म्हणजे सूर्य उत्तरेकडे वळला. मग आपण तिळगूळ जानेवारीच्या मध्याला का वाटतो? थोरलीने हा प्रश्न विचारला तेव्हा आईबाबांनाही उत्तर येईना. तिघांनी मिळून शोधलं. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा अगदी सावकाश डोलतो, त्यामुळे सुमारे सतराशे वर्षांपूर्वी जवळजवळ एकाच वेळी येणाऱ्या या दोन गोष्टींत आता तीनेक आठवड्यांचं अंतर पडलंय. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात तिकडे एक दिवस असा येतो, की दुपारी साडेबाराच्या सुमाराला काठीची सावली पायाखाली गडप होते. शून्य सावलीचा दिवस! महाराष्ट्रात गावागणिक त्याची तारीख थोडी बदलते. आपण त्या वेळी कुरडया वाळत घालत असतो, पण खाली बघतो का कधी?

हे सगळं गोड वाटतंय ना? आता दुसरी बाजूही ऐका. माझ्या बहिणीने त्यासाठी नोकरी सोडली. पहाटे पाचला उठते. स्वयंपाक, धुणी, सासूबाईंची औषधं, आणि त्यात मुलांचे शंभर प्रश्न. यजमान संध्याकाळी गणित घेतात, पण दिवसभराची धुरा हिच्याच खांद्यावर. रात्री भांडी विसळताना म्हणाली, "ताई, मुलांची शाळा सुटली, पण मला मात्र सुट्टी नाही." आणि थोरली मला हळूच म्हणाली, "मावशी, आमच्या भोंडल्याला मुलीच कमी पडतात गं." ते वाक्य माझ्या मनात राहिलं. हत्तीभोवती फेर धरायला चार घरची मुलं लागतातच. ती रोज संध्याकाळी कबड्डीला जाते, ते त्यासाठीच.

घरी परतले आणि पंधरा दिवसांत वस्तीत एक प्रकार घडला. आठवीतली एक मुलगी शाळेत येईनाशी झाली म्हणून मी तिच्या घरी गेले. आई म्हणाली, "ताई, आता घरीच शिकवायची पद्धत निघालीय म्हणं. टीव्हीवर दाखवलं की. करू आम्हीबी. धाव्वीला १७ नंबरचा फॉर्म भरू." मी पोरीकडे पाहिलं. काखेत भाऊ, पुढ्यात भांड्यांचा ढीग. पुस्तकं माळ्यावर. मामा स्थळ बघतोय, हेही बोलता बोलता कळलं.

मैत्रिणींनो, एकच शब्द, पण दोन घरांत त्याचा अर्थ किती वेगळा! एका घरी आईने पोरीसाठी नोकरी सोडली, दुसऱ्या घरी पोरीची शाळा घरकामासाठी सोडवली. म्हणून मला स्पष्ट लिहावंसं वाटतं. घरी शिकवणं वाईट नाही, पण मुलीला घरी बसवणं म्हणजे घरी शिकवणं नव्हे.

थोडा इतिहास आठवा. रमाबाई रानडे, आनंदीबाई जोशी, लक्ष्मीबाई टिळक यांनी लग्नानंतर नवऱ्याकडे घरी बसून अक्षरं गिरवली. त्यांची जिद्द थोरच. पण त्या काळी बाईने शिकावं हेच घरादाराला खुपत होतं. ते दार उघडावं म्हणून तर सावित्रीबाईंनी आणि जोतीरावांनी १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. ते दार आपण आपल्या हातांनी लावून घ्यायचं का? आपल्या गावांमधून कितीतरी मुलींना शाळा म्हणजे घराबाहेरची एकमेव हक्काची जागा असते. तिथे मैत्रीण भेटते, बाई भेटतात, कुणाला तरी मनातलं सांगता येतं.

कायदाही माहीत असू द्या. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क आहे आणि मुलांना शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य मानलंय. त्यात पालकांना शिक्षा नाही, त्यामुळे काही कुटुंबं घरी शिकवतात आणि पुढे राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून परीक्षा देतात. मुंबईची मालविका जोशी शाळा सोडून घरी शिकली आणि २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत गेली, हे खरं. पण बारावीचं प्रमाणपत्र नसल्याने आपल्याकडच्या आयआयटीचं दार तिला बंद होतं, हेही तितकंच खरं. तिच्यापाशी आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडची पदकं होती. प्रत्येकीपाशी ती नसतात.

म्हणून कुणाच्या मनात हा विचार असेल तर आधी स्वतःला चार प्रश्न विचारा. दिवसाचे चार-पाच तास मुलांना देणारं माणूस घरात आहे का? तो भार एकट्या आईवर तर पडत नाही ना? मुलांना रोज बरोबरीची मुलं भेटतील का? आणि शेवटचा, सर्वांत महत्त्वाचा. हेच मी मुलग्याच्या बाबतीतही केलं असतं का? एकाचंही उत्तर मनासारखं आलं नाही, तर शाळा बरी.

पण त्या घरातली मजा मात्र आपण सगळ्यांनी उचलावी. त्याला शाळा सोडावी लागत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या डोंगरावर गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली, मुलं होती तिथे शिक्षण नेलं. मग आपलं अंगण काय वाईट आहे? पावसाळ्यात एक बाटली मांडा. गहू भिजवून चीक काढताना तो आंबतो कसा ते मुलांना दाखवा. तिळगुळाचा पाक गोळीबंद झाला की नाही ते पाण्यात थेंब टाकून त्यांनाच बघू दे. थंडीत हुरडा खाताना आकाशातलं मृग नक्षत्र दाखवा. "मला काय येतंय, मी सातवी शिकले," असं म्हणू नका. पापडाचं पीठ कधी जमलं हे बोटांना कळणारी बाई अडाणी कशी?

त्या आठवीतल्या मुलीकडे मी चार खेपा घातल्या. अडचण निघाली ती वाटेची. एसटीचा थांबा लांब, एकटी पाठवायची कशी? मुलींना एसटीचा मोफत पास मिळतो हेही त्यांना माहीत नव्हतं. आता बचत गटातल्या दोघी आळीपाळीने पाच मुलींना थांब्यापर्यंत सोडतात. सध्या तरी पोर शाळेत जातेय.

परवा तिच्या दारात कापलेली बाटली मांडलेली दिसली. मीच तिला सांगितलं होतं. म्हणाली, "ताई, काल अकरा मिलिमीटर. आमचा पत्रा मोजायचा राहिलाय, उद्या मोजते."