रायफल येईल हो, पण पोरीच्या खांद्याला बसेल का?

मित्रांनो, पोस्ट थोडी लांब आहे. पण क्रीडा शिक्षक, पालक आणि ज्यांच्या सहीने खेळाच्या साहित्याचा निधी खर्च होतो, त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचावी.

१ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुण घेऊन कांस्यपदक जिंकलं. १९५२ च्या खाशाबा जाधवांनंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळालं. पोरगा राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. तेव्हापासून एक प्रश्न मनात आहे. कांबळवाडीचा पोरगा तिथवर जातो, तर अर्जुनी मोरगावची पोरं का नाही? आपल्याही पोरांना एअर रायफल मिळाली पाहिजे, हे माझं ठाम मत आहे.

पण नुसती "रायफल द्या" ही मागणी अर्धीच आहे. उरलेली अर्धी दस्त्याची. दस्ता म्हणजे बंदुकीचा मागचा भाग, जो खांद्याला टेकतो आणि ज्यावर गाल ठेवतात. एनसीसीवाले त्याला बट म्हणतात.

आपल्याकडे कुऱ्हाडीला दांडा घालताना दोन गोष्टी पाहतात. पातं दांड्यात घट्ट बसलं का, आणि दांडा हाताला झेपतो का. सैल असेल तर पातं निसटतं, बेताचा नसेल तर दुपारपर्यंत खांदा भरून येतो. रायफलचा दस्ताही तसाच. तो लोखंडाला बसला पाहिजे आणि माणसालाही.

स्वप्नीलचाच खेळ घ्या. थ्री पोझिशन म्हणजे गुडघ्यावर बसून, आडवं पडून आणि उभं राहून. या खेळातले नेमबाज पोझिशन बदलली की खांद्याची प्लेट, गालाचा टेकू वरखाली, मागेपुढे करून घेतात. एकाच माणसाला एकाच सामन्यात दस्ता एकसारखा पुरत नाही. आणि आपण काय करतो? सातवीतली पोरगी आणि सहा फुटी पोट्टा, दोघांच्या हातात एकाच मापाची रायफल देतो. मी एनसीसीत होतो तेव्हा पॉइंट टू-टू रायफलचा लाकडी दस्ता सगळ्यांना एकच. बुटक्या कॅडेटला ट्रिगरपर्यंत बोट पुरवायला मान ताणावी लागायची, आणि गोळी बाहेर गेली की उस्ताद म्हणायचे, "लक्ष कुठे आहे?" लक्ष जागेवरच होतं. दस्ता जागेवर नव्हता.

१० मीटर एअर रायफलमध्ये छर्रा ४.५ मिलिमीटरचा आणि दहा गुणांचा ठिपका फक्त अर्धा मिलिमीटरचा. इथे गाल जरासा सरकला तरी निशाण गेलं. मग पोरीला वाटतं, आपल्याला जमतच नाही. दोन महिन्यांत ती यायची बंद होते.

यावर उपाय दर वेळी नवी रायफल हाच नाही. रायफल चांगली असेल तर तिला खालीवर होणारा दस्ता वेगळा घेऊन बसवता येतो. पण खोकं उघडलं, स्क्रू आवळले, झालं, असं नसतं. तपासावं लागतं.

आधी रायफल रिकामी आहे याची खात्री, दोनदा. मग लोखंडाची बाजू. लोखंड दस्त्याच्या खाचेत न हलता, पण जोर न लावता बसलं पाहिजे. स्क्रू कंपनीने सांगितलेल्या मापानेच आवळायचे, अंदाजाने नाही. नंतर एक स्क्रू हळूच सैल करून पाहायचा. लोखंड दस्त्यातून वर उचललं गेलं, तर ते आत ताणून बसलं होतं, म्हणजे फिटिंग चुकलं. नळी दस्त्यापासून मोकळी ठेवलेली रायफल असेल, तर मधून कागदाची पट्टी न अडकता सरकली पाहिजे.

मग माणसाची बाजू. ज्या जॅकेटवर खेळायचं तेच घालून तपासायचं, कारण जॅकेटच्या जाडीने माप बदलतं. पोराने डोळे मिटून रायफल खांद्याला लावायची, गाल टेकवायचा आणि डोळे उघडायचे. पुढची साईट मागच्या भोकाच्या मधोमध दिसली तर ठीक. मान उचलावी लागली तर टेकू खाली आहे. गाल टेकवल्यावर डोळा साईटच्या वर राहिला तर टेकू उंच आहे. ट्रिगरसाठी बोट ताणावं लागलं तर दस्ता लांब. आणि हे दोन मिनिटांत ठरवू नका, वीसेक मिनिटं उभं राहू द्या. चुकीचं माप मान आणि खांदा दुखायला लागले की कळतं. डावखुऱ्या पोरांचाही विचार करा. वाढत्या वयात माप बदलतं, म्हणून दर तीन-चार महिन्यांनी पुन्हा तपासणी.

एक इशारा. हे सगळं एअर रायफलचं बोलतो आहे, तेही जाणकाराच्या देखरेखीत. घरात पीकसंरक्षणाची परवान्याची बंदूक असेल, तर घरी किंवा सुताराकडे उद्योग करू नका. परवाना असलेल्या दुरुस्तीवाल्याकडेच जा.

म्हणून माझी मागणी साधी आहे. तालुक्यात किंवा शाळेत रायफलची खरेदी होईल तेव्हा खरेदीच्या अटींतच तीन ओळी लिहा. दस्ता लांबी आणि गालाच्या उंचीत बदलता येणारा हवा. निदान एक डावखुऱ्यांसाठी हवा. आणि तो प्रत्येक मुलाला बसवून देणाऱ्या प्रशिक्षकाचे दिवस त्याच खर्चात धरलेले हवेत. पैसे कमी असतील तर दहाऐवजी सहाच रायफली घ्या, पण बसणाऱ्या घ्या. न बसणाऱ्या दहा रायफली उद्घाटनाच्या फोटोत छान दिसतात, आणि मग कपाटात धूळ खातात.

ज्यांना पटलं त्यांनी आपल्या शाळेच्या क्रीडा शिक्षकांना ही पोस्ट दाखवा. पटलं नसेल तर खाली लिहा, बोलू.