खेकड्याचं माप

२००८ साली तीन महिने झ्युरिकला ऑनसाइट होतो. एका शनिवारी करण्यासारखं काही नव्हतं (तिथे काहीही करायचं म्हटलं की फ्रँक लागतात), तेव्हा नुसता भटकत होतो. एका दुकानाच्या काचेत इंजिनाचं मॉडेल दिसलं. मधे केबिन आणि पुढे-मागे लांबलचक नाकं. स्वित्झर्लंडच्या गॉटहार्ड घाटात धावलेली ती प्रसिद्ध 'मगर'. मार्कलिन ही जर्मन कंपनी एचओ मापात ती १९४७ पासून बनवतेय. किंमत बघून नुसता फोटो काढला.

घरी आल्यावर मामाला दाखवला. मामा कल्याणच्या इलेक्ट्रिक लोको शेडमध्ये फिटर होता, सत्तरच्या दशकात लागला. फोटो लांब धरून बघत म्हणाला, "अरे, हा तर आमचा खेकडा!"

बरोबरच होतं ते. खेकडा म्हणजे डब्ल्यूसीजी-१. जीआयपी रेल्वेने बोरघाट आणि थळघाटात मालगाड्या ओढायला १९२८ च्या सुमारास आणलेलं इंजिन. एकूण ४१. पहिली दहा विंटरथुरच्या कारखान्यातून आली, म्हणजे जिथे मगर जन्मली तिथूनच. बाकीची इंग्लंडच्या व्हल्कन फाउंड्रीने बांधली. १:३७ चा चढ, १५०० व्होल्ट डीसी आणि चाकांना जोडणारे ते वाफेच्या इंजिनासारखे रॉड. मामा म्हणतो, उभं असलं तरी कण्हायचं.

मगरीचं मॉडेल दुकानात तयार मिळतं. तिच्या सख्ख्या भावंडाचं साधं मापाचं ड्रॉइंगही मला मिळेना! तेव्हापासून हे डोक्यात बसलंय. पुढची बरीच वर्षं नुसतंच बसलं होतं म्हणा. ईएमआय, पोरं, रिलीज, सगळ्यांना असतं तेच. आता मामा पंचाहत्तरीच्या पुढे गेलाय आणि मला घाई झालीये.

तर, ड्रॉइंग. मला आधी वाटलं होतं की ड्रॉइंग म्हणजे ड्रॉइंग. तसं नसतं. कारखान्याचं मूळ 'जनरल अरेंजमेंट' असतं, त्यात आतले बाहेरचे सगळे भाग एकावर एक काढलेले, रेषांचं नुसतं जंगल. मॉडेलवाल्याला त्यातून बाहेरची कातडी सोलून काढावी लागते. दुसरं असतं रेल्वेचं स्वतःचं आउटलाइन डायग्राम. एकच पान, एकूण लांबी-रुंदी-उंची, चाकांमधली अंतरं, कुठल्या आसावर किती टन. मापं विश्वासाची, पण चित्र अगदी ढोबळ, खिडक्या कुठेही. आणि तिसरं, कुणीतरी खास मॉडेल करणाऱ्यांसाठी काढलेलं. ब्रिटनमध्ये याची मोठी परंपरा आहे. तिथल्या मॉडेल रेल्वेच्या मासिकांनी वर्षानुवर्षं फुटाला ४ मिलिमीटर या प्रमाणात ड्रॉइंगं छापली. यॉर्कच्या रेल्वे म्युझियममध्ये तर कारखान्यांच्या मूळ ड्रॉइंगांचे ढीग जपलेत. आपली बरीच जुनी इंजिनं तिकडच्याच कारखान्यांत जन्मल्यामुळे आपल्या इंजिनांचे कागदही तिकडेच शोधावे लागतात, ही गंमत आहे. गंमत कसली, लाज आहे.

इकडे काय अनुभव आला? एका कार्यालयात विचारलं, "कशाला हवंय?" मॉडेल करायचंय म्हटल्यावर समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर जे आलं ते इथे लिहीत नाही. मग "सुरक्षेचा प्रश्न आहे" असं सांगण्यात आलं. जवळजवळ शंभर वर्षांपूर्वीचं, कधीच सेवेतून बाद झालेलं, म्युझियममध्ये पोरं ज्याला टेकून सेल्फी काढतात ते इंजिन! कसली सुरक्षा? अहो, जे इंजिन तुम्ही लोकांना बघायला उभं केलंय, त्याचं डायग्राम शेजारच्या पाटीवर लावायला काय हरकत आहे? म्युझियममधल्या प्रत्येक इंजिनाचं एक पानी ड्रॉइंग स्कॅन करून लोकांना फुकट द्यावं, एवढंच माझं मागणं आहे. खर्च स्कॅनरच्या विजेचा.

शेवटी एका मित्राच्या मित्राकडून डायग्रामची झेरॉक्सची झेरॉक्स मिळाली. आनंदाने मापायला बसलो तर चाकं आडवी ४१ मिलिमीटर आणि उभी ४२. लंबगोल चाकांवर खेकडा! झेरॉक्सने एका दिशेला ताणलं होतं. त्यामुळे हा पहिला नियम लिहून ठेवा: ड्रॉइंग हाती आलं की आधी चाकं गोल आहेत का बघायचं. आणि पट्टी लावून मोजण्याआधी कागदावर छापलेला आकडा शोधायचा. रेष ताणली जाते, आकडा नाही.

गेजचंही सांगून टाकतो. एचओ म्हणजे १:८७, फुटाला साडेतीन मिलिमीटर. आपला साडेपाच फुटी रूळ त्यात सव्वाएकोणीस मिलिमीटर येतो आणि बाजारात मिळतो तो साडेसोळाचा, जो परदेशी स्टँडर्ड गेजसाठी आहे. तयार रुळावर आपलं इंजिन ठेवलं की ते अंग चोरून उभं राहिल्यासारखं दिसतं. मी रूळ स्वतः करणार आहे. इंजिन धावणार नाहीये, शोकेसमध्ये राहणार आहे, म्हणून ही चैन.

उरलेली मापं घ्यायला मामाला घेऊन वरळीला नेहरू सायन्स सेंटरमध्ये गेलो. तिथे एक खेकडा आहे, दुसरा दिल्लीच्या रेल्वे म्युझियममध्ये. टेप, वही आणि फूटफुटावर लाल-पांढरे पट्टे मारलेली एक काठी. काठी इंजिनाला टेकवून उभी करायची आणि जितकं लांब जाता येईल तितकं लांब जाऊन, झूम करून, अगदी समोरून फोटो काढायचा. जवळून काढला की नाक मोठं आणि शेपूट लहान येते.

मामा टेपचं दुसरं टोक धरून होता. चाकाचं माप मी वाचलं. डायग्रामपेक्षा कमी आलं. पुन्हा मोजलं, तरी कमीच. म्हटलं, डायग्राम चुकलंय.

"डायग्राममध्ये टायर नवा धरतात," मामा म्हणाला. "चालून चालून झिजतो, मग लेथवर घेऊन कातायचा. प्रत्येक वेळी चाक थोडं लहान. हे किती वेळा कातलंय कुणास ठाऊक."

मी वीस वर्षं कोड लिहितोय. डॉक्युमेंट एक आणि प्रॉडक्शन दुसरंच, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. तरी मी चूक डायग्रामच्या नावावर टाकून मोकळा झालो होतो. मामा नसता तर तो आकडा तसाच खोडला असता. आणि हे टायरचं प्रकरण सगळीकडे पोचतं. चाक लहान झालं की अख्खं इंजिन खाली बसतं, मग बफरची उंची, पायऱ्यांची उंची, सगळंच. तीन इंच झीज म्हणजे माझ्या मापात जेमतेम पाऊण-एक मिलिमीटर, पण वहीत मापाशेजारी तारीख आणि 'टायर झिजलेला' असं लिहिलं नाही तर पुढचा माणूस पुन्हा तिथेच अडकणार.

मग मामा नाकाखाली वाकून बघायला लागला. एका इंजिनाच्या पायरीला त्याने आणि त्याच्या जोडीदाराने शेडमध्येच पट्टी ठोकली होती म्हणे. तिचं ड्रॉइंग कुणीच काढलं नव्हतं. ते हेच इंजिन का, ते काही सापडलं नाही. गंजावर रंगाचे इतके थर आहेत.

छपराची मापं राहिलीत. वर चढू देत नाहीत (बरोबरच आहे), त्यामुळे ती काठी आणि फोटोवरूनच काढायची. पुढच्या शनिवारी परत जातोय. मामाने स्वतःचा टेप काढून ठेवलाय. माझा चिनी आहे, त्याच्यावर त्याचा विश्वास नाही.