निकालावर दाद कोणीं मागावी?

दाद मागण्याचा हक्क कायद्यानें सर्वांस सारखा दिला, म्हणजे न्यायहि सर्वांस सारखा मिळाला असें होत नाहीं. विलायतेंतील ग्रामर शाळांचें उदाहरण या बाबतींत विचार करण्याजोगें आहे. १९४४ च्या शिक्षण कायद्यानंतर तेथें मुलांची अकराव्या वर्षाच्या सुमारास परीक्षा घेऊन निवड करण्याची पद्धति रूढ झाली. पुढें बहुतेक ठिकाणीं ती सुटली. तरी इंग्लंडांत सरकारी खर्चानें चालणाऱ्या अशा १६३ शाळा अद्यापि आहेत.

अशा शाळेनें मुलास नाकारिलें, तर आईबापांस स्वतंत्र मंडळापुढें विनामूल्य अपील करितां येतें. मंडळानें नवी परीक्षा घ्यावयाची नसते. प्रगतिपत्रकें, शिक्षकांचें मत, परीक्षेच्या वेळचें आजारपण इत्यादि पुरावा पाहून मुलाची योग्यता ठरवावयाची असते. ही व्यवस्था रास्त आहे. दहा वर्षांच्या मुलाच्या एका सकाळच्या चुकीनें त्याच्या साऱ्या शिक्षणाची दिशा ठरूं नये.

पण हा पुरावा गोळा करणार कोण? ज्यास अर्ज लिहितां येतो, कामावरून रजा मिळते व चार माणसांपुढें बोलण्याची संवय आहे, तोच बाप मंडळापुढें उभा राहतो. ज्यास यांतलें कांहींच नाहीं, तो निकालाचा कागद घडी करून ठेवून देतो. मग त्याचें मूल तितकेंच हुशार कां असेना! २०१६ सालीं या शाळांत विनामूल्य भोजनास पात्र, म्हणजे गरीब घरचीं मुलें शेंकडा ३ हूनहि कमी होतीं. हा सारा दोष अपिलाचा नव्हे; खासगी शिकवणीच्या पैशाचाहि त्यांत वांटा आहे. परंतु शिकवणीनें पाडलेलें अंतर अपिलानें आणखी वाढूं नये, एवढें तरी पाहिलें पाहिजे.

केंट परगण्यांत यावर एक तोड आहे. निकाल पालकांच्या हातीं पडण्यापूर्वींच, थोडक्यांत मागें पडलेल्या मुलाचें वर्गांतील काम मुख्याध्यापकास मुख्याध्यापकांच्या मंडळापुढें ठेवितां येतें. अर्थात् मुलाच्या वतीनें त्याची शाळाच दाद मागते.

आपल्याकडेहि नवोदय विद्यालयांत सहावीस प्रवेश मिळावा म्हणून खेड्यापाड्यांतील मुलें परीक्षेस बसतात. त्यांच्यांत कित्येकांचे आईबाप अर्ज लिहूं शकत नाहींत. तक्रार करणाऱ्या गिऱ्हाइकासच पुरें माप घालणाऱ्या दुकानास आमचे व्यापारी वाचक सचोटीचें म्हणणार नाहींत. निवडीच्या परीक्षा ठेवावयाच्याच असतील, तर मुलाची बाजू मांडण्याचें काम त्यास रोज पाहणाऱ्या शिक्षकाकडे सोंपवावें. तें घरच्या वकिलीवर सोडूं नये.